सेवकरामनं डोळा पाहिलं

भंडारा जेल
१२ मे २०१६

आदरणीय मोठे बाबा,
सविनय जयभीम.

मी बरा आहे. मायला एवढंच सांगा, बाकीचं तुम्ही वाचा. जेवण मिळते, बराकीत पंखा आहे, आपल्या अर्जुनी भागातले आणखी दोघं आहेत. इथून जाणारं पत्र आधी साहेब वाचतात, म्हणून यात शिव्या नाहीत.

ठाण्यात तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. गाढवी नदीच्या रेतीघाटावर वीरेंद्रचा ट्रॅक्टर जळला, त्या रात्री मी गोंदियात होतो. एका लग्नाच्या साऊंडवर. ट्रॉलीखाली चौकीदार बकाराम झोपला होता, त्याचे दोन्ही हात भाजले. त्याचं मला खरंच वाईट वाटते. पण मी तिथं नव्हतो. ठाणेदारानं बोलावलं तेव्हा मला वाटलं, जयंतीच्या डीजेचं काही लफडं असेल. त्यानं टेबलावर मोबाईल ठेवला आणि माझंच रॅप मला ऐकवलं. माझा दोस्त लोकेश यानं नदीवर शूट केलेलं, जे मी भीमजयंतीला स्टेजवर पण म्हटलं होतं:

नदी भरली ट्रॉलीत त्यानं, आमाले ठेवला गाळ
माह्या खिशात काडीपेटी, ट्रॅक्टर म्हणते जाळ

‘आवाज कोणाचा?’ म्हणे. म्हटलं, माझा. ‘लिहिलं कोणी?’ म्हटलं, मीच सर. मोठे बाबा, मी खूश होऊन सांगत होतो. मला वाटलं साहेबाला आवडलं. यमक कसं सुचलं तेही सांगितलं. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. आता तेच माझ्यावर आहे. आग लावली आणि माणूस जिवे मारायचा प्रयत्न केला. दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते म्हणतात, जास्तही.

रॅपला तुम्ही ‘ढोलकी चोरीला गेलेलं गाणं’ म्हणता. म्हणा. पण तुम्ही शाहीर आहात, आयुष्यभर सोंगं घेऊन, गाऊन खडी गंमत केली. गाण्यातला ‘मी’ म्हणजे गाणाराच असतो काय, हे तुमच्याशिवाय मी कोणाला विचारू?

अल्काताईला सासरहून, कामठ्याहून, इकडं भावाच्या भेटीला पाठवू नका. लेकरू लहान आहे, उन्हात येऊन-जाऊन हाल होतात.

तुमचा
रत्नपाल


केशोरी
२२ मे २०१६

चि. रत्नपाल यास
जयभीम अन् आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. वाचून दाखवलं. म्हणजे तुझ्या मोठ्या आईले, सावित्रीले वाचून दाखवलं, अन् तुझी माय भिंतीआड बसून आयकत होती. तुले माहीतच आहे. मी तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, तिचा भासरा. आपल्याकडं धाकट्याची बायको भासऱ्यासमोर पदर मागं करत नाही अन् त्याच्याशी तोंडानं बोलत नाही. बाबासाहेबांनी एवढं सारं सोडायले लावलं, हे एक आमच्याच्यानं सुटलं नाही. लीलाबाईले काही इचारायचं असलं त सावित्रीले म्हणते, ‘बाई, त्याईले इचारा.’ मी तिथंच बसून राहतो. सावित्री तेच मले पुन्हा इचारते. जसा मी बहिरा. तसा एका कानानं झालोच आहे म्हणा, म्हणून फोनवर मले काही समजत नाही.

पंख्याचं आयकून तुझी माय म्हणाली, ‘घरी नाही, जेलात आहे, बरं झालं.’ मंग उठून गेली. रडली असन. मी पाह्यलं नाही.

गाळ-जाळ यमक चांगलं आहे. ‘ट्रॅक्टर म्हणते जाळ’ हे त मलेही सुचलं नसतं. पण कायले रे बाबू? नदीवर बोलायचं होतं त नदीवर बोलायचं. काडीपेटी कायले काढली?

आता एक इचारतो, राग मानू नोको. मी वकील नाही, ठाणेदार नाही. तू लावली काय? लावली असन त सांग. मी तुले सोडून जाणार नाही. मी थकलेला माणूस आहे, उन्हातान्हात ठाण्याच्या चकरा मारून राहिलो. एकदा खरं काय ते समजलं म्हणजे माह्या जिवाले चैन पडन. बाबाच्या मरणाचा राग तुह्या पोटात लहानपणापासून आहे, अन् तो मीच घातला, हे मले मालूम आहे.

जेवत जाय. सावित्रीनं कैरीचं लोणचं घातलं आहे, पण तिथं घेत नाही म्हणतात.

तुझा
सेवकराम


भंडारा जेल
३ जून २०१६

मोठे बाबा,
जयभीम.

साहेब पत्र वाचतात हे लिहिल्यावरही तुम्ही विचारलं. ज्या शिपायानं पत्र हातात दिलं तो म्हणाला, ‘तेरे घरवालों को भी भरोसा नहीं क्या?’ मी काय सांगू त्याला?

नाही लावली. एकदाच लिहितो. गोंदियात लग्नाच्या हॉलमध्ये होतो, पण साऊंडवाल्याकडं कोण पाहते? पाहुण्यांना नवरी आठवते, गुलाबजाम आठवते. साऊंडच्या मालकानं सांगितलं, पोरगा इथं होता. सरकारी वकील म्हणतात, मालक त्याचा ओळखीचा आहे.

तुम्ही मंडईत तीन वर्षं चोराचं सोंग केलं. ‘मी शेटजीचा वाडा फोडला’ म्हणून गळा काढून गायला. दिवाळी झाली की गावोगावचे लोक त्या मंडईत रात्रभर बसून ते पाहत आणि सकाळी तुम्हालाच चहा पाजत. कोणी आपली भांडी मोजली नाही. मग माझ्याच बाबतीत तुम्हाला का वाटलं? मला खूप वाईट वाटलं, मोठे बाबा. साहेब वाचत असतील तर वाचू द्या.

अल्काताईनं गोंदियाच्या एक वकील लावल्या आहेत, रीनाताई. तरुण आहेत, कमी बोलतात. त्यांनी जामिनाचा अर्ज टाकला. त्यावर सरकारी वकिलानं काय लिहून दिलं, माहीत आहे? माझ्या रॅपच्या खाली तुमचं गाणं. बाबाचं गाणं, सगळ्या कडव्यांसकट. म्हणे, याचा बाप १९९९ साली तलावात बुडून मेला. पण याच्या घरी गाणं म्हणतात की ट्रॅक्टरवाल्या वीरेंद्रच्या बापानं, चुन्नीलालनं, मारून पाण्यात टाकला. हे ऐकतच हा पोरगा मोठा झाला. म्हणून याला सूड घ्यायचा होता. कारण एका गाण्यात आणि कबुली दुसऱ्या गाण्यात. असं छान जुळवलं आहे.

मायला हे वाचून दाखवू नका.

रत्नपाल


केशोरी
१८ सप्टेंबर २०१६

चि. रत्नपाल यास
जयभीम.

तुले जामीन भेटला, अल्काच्या घरी कामठ्याले पोचला, हे समजलं. बरं वाटलं. कोर्टानं आपल्या तालुक्यात पाय ठेवू नोको म्हणलं आहे, त ठेवू नोको. तुझी माय येऊन भेटन. आता मधे कोणी साहेब नाही, म्हणून मोकळं लिहितो. मागच्या वेळी जे इचारलं त्याची लाज वाटते. पुन्हा त्यावर बोलत नाही.

तुमच्या रीनाताई येऊन गेल्या. इतक्या दूर बसनं आल्या, चहा घेतला, चटईवर बसल्या. म्हणाल्या, ‘शाहीर, मला तुमची साक्ष पाहिजे. तुम्ही एवढंच सांगा, की गाणारा मी म्हणतो ती गाण्याची रीत आहे. तुमच्या स्वतःच्या गाण्यातही तसंच आहे.’ मी म्हणलो, कोणत्या गाण्यात? त्याईनं बॅगेतून कागद काढला अन् वाचला.

पाणी सोडलं आमच्या बांधीत, काठी पडली पाठी
सेवकरामनं डोळा पाहिलं, तलावाच्या काठी
बुडता बुडता रामलालनं हाक मारली मोठी
‘लीला, लीला’ म्हणता म्हणता नाव राहिलं ओठी

माहं गाणं दुसऱ्याच्या तोंडून, चालीबिगर, पह्यल्यांदा आयकलं. लय उघडं वाटलं. बाई म्हणाल्या, ‘हे काल्पनिक आहे असं तुम्ही शपथेवर सांगितलं, की सुडाचं कारणच उरत नाही. मुलगा सुटू शकतो.’

मी त्याईले काही सांगितलं नाही. तुले सांगतो, कारण तुले अर्धंच मालूम आहे. तू तेव्हा पाच वर्षांचा होता. धान पोटरीले आले होते अन् तलावाचं पाणी चुन्नीलालच्या बांध्यापाशी अडून राह्यलं होतं. आपले धान डोळ्यादेखत वाळत होते. दिवस बुडता बुडता तुझ्या बापानं आपल्याकडं पाणी यावं म्हणून तलावाची मोरी उघडली. मी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, त्याच्याकडंच जाऊन राहिलो होतो. मी पाह्यलं. गाण्यासाठी नाही, खरंच पाह्यलं. ठाण्यात गेलो. त्या वेळचा ठाणेदार म्हणाला, ‘तू तो गंमतवाला ना? तुझ्या बोलण्याचं काय खरं?’ लिहूनच घेतलं नाही. कागदावर आलं, दारू पिऊन बुडाला. रामलाल दारूले शिवत नोहोता.

घरी तुझी माय. तिले मी समोर बसून सांगू शकत नोहोतो. सावित्रीच्या तोंडून सांगता आलं असतं, पण ते मधे माणूस घालून सांगायची गोष्ट नोहे. म्हणून मंडईत गायलो. ती बायाईत बसली होती. तिनं तिथं आयकलं, तिचा माणूस कसा मेला ते.

तेव्हा गाणारा म्हणून माहं खरं खोटं ठरवलं. आता गाणं म्हणून तुहं खोटं खरं ठरवून राहिले. मी आता काय करू ते तू सांग. मले समजत नाही.

तुझा
सेवकराम


कामठा
२७ सप्टेंबर २०१६

आदरणीय मोठे बाबा,
जयभीम.

नका सांगू.

मायजवळ बाबाचा फोटो नाही. आपल्या घरात त्यांचा एकही कागद नाही, पोलिसांचा सोडून. जे आहे ते तुमचं गाणं आहे. दरवर्षी मंडईला माय नवं लुगडं नेसून जाते आणि पहिल्या रांगेत बसते, ते कशासाठी? लोक तिला रामलालची बायको म्हणून जागा देतात. बेवड्याची बायको म्हणून नाही. तुम्ही कोर्टात जाऊन हे सगळं मनाचं आहे म्हणाल, तर चुन्नीलालच्या घरी त्या दिवशी पेढे वाटतील.

मी विचार केला. फार झालं तर आत जाईन. तिथं माणसं राहतातच. मी पण राहीन.

असं लिहितो खरं. पण मोठे बाबा, तुमच्याशी खोटं बोलून काय करू? दुपारी अल्काताईचं लेकरू मांडीवर झोपते, तेव्हा मला वाटते, सांगा. काहीही सांगा, पण मला परत तिथं नका जाऊ देऊ. मग माझी मलाच लाज वाटते. म्हणून हे पत्र लवकर टाकून देतो. तुम्ही वरचंच वाचा, हे वाचू नका.

तुमचा
रत्नपाल


केशोरी
१० नोव्हेंबर २०१६

चि. रत्नपाल यास
जयभीम.

मंडई झाली. पाऊस नोहोता, गर्दी चांगली होती. गळा बसलेला होता तरी गायलो. बापाचं गाणं पुरं गायलो, एकही कडवं गाळलं नाही. लोक म्हणाले, शाहीर, यंदा जीव ओतला. तुझी माय समोरच होती.

कोर्टाची तारीख लागली की मले कळव. मी गोंदियाले येतो. तुझं पत्र सारंच वाचलं, खालचंही. तुझ्या मायले मात्र त्या दिवशी आणू नोका. अल्काले नीट बजावून सांग. कोर्टकचेरीत बाया कायले, असं मी सांगितलं म्हणा. माहं नाव घ्या, चालन.

बाकी काही नाही. धान कापणी सुरू आहे. कंबर दुखते.

सेवकराम


कामठा
२० फेब्रुवारी २०१७

आदरणीय मोठे बाबा,
जयभीम.

साक्ष झाल्यावर तुम्ही सरळ बसस्टँडवर निघून गेलात. मी धावत आलो तोवर गाडी सुटली होती. जेवला पण नाहीत.

तुम्ही मागं वळून पाहिलं नाही, म्हणून सांगावं लागते. माय आली होती. अल्काताई नाहीच म्हणत होती, पण माय म्हणाली, ‘पोराची तारीख आहे, मी घरी कायले बसू?’ ती अगदी मागच्या बाकावर बसली होती. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून शपथ घेतली तेव्हा तिनं पदर पुढं ओढला. भासऱ्यासमोर आहे ना.

रीनाताईंनी विचारलं तोवर सगळं ठीक होतं. चोराच्या सोंगाचं तुम्ही सांगितलं तर जजसाहेब पण हसले. मग सरकारी वकील उठले. ‘सेवकरामनं डोळा पाहिलं, हे तुमचंच नाव ना?’ तुम्ही म्हणाले, हो, शाहीर गाण्यात आपलं नाव ओवत असते. ‘मग तुम्ही पाहिलं होतं?’

तुम्ही म्हणाले, नाही साहेब.

‘भाऊ कसा मेला?’

‘पाय घसरला. पाण्यात पडला. दारू पिऊन होता.’

जजसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, ‘म्हणजे इतकी वर्षं तुम्ही खोटं गात होता?’ आणि तुम्ही म्हणाले, ‘गाणं गात होतो साहेब.’

दारूचं कोणी विचारलंच नव्हतं, मोठे बाबा. ते तुम्ही कशाला म्हणाले? पाय घसरला एवढं पुरलं असतं. मी तिथं उभा होतो आणि मला वाटत होतं, जज मलाच काही विचारेल तर मी ओरडून सांगेन. पण मी ओरडलो नाही. मला सुटायचं होतं. मी गप्प राहिलो आणि तुम्ही माझ्यासाठी माझ्या बापाला बेवडा केलं.

वीरेंद्र तिथंच होता. मोबाईलवर कोणाला तरी हळू आवाजात सांगत होता.

 कामठ्याला घरी आल्यावर माय अल्काताईला एवढंच म्हणाली, ‘त्याईले घाम फुटला होता. कोणी पाणी दिलं नाही.’

रत्नपाल


हैदराबाद
३० जुलै २०१७

आदरणीय मोठे बाबा,
जयभीम.

निकालाच्या दिवशी तुम्ही आला नाहीत, पण कळलं असेलच. सुटलो. बकारामनं पण खरं ते सांगितलं, की त्यानं कोणाला पाहिलं नाही. भाजलेले हात घेऊन बिचारा उभा होता. निकालात लिहिलं आहे, की गाण्यातली धमकी म्हणजे कृती नव्हे, आणि बापाच्या मृत्यूबद्दलचा राग हा शाहिराच्याच सांगण्यानुसार कल्पनेतला आहे. रीनाताईंनी मला ते दोनदा वाचून दाखवलं. त्या खूश होत्या. मी पण हसलो.

गावात येऊ शकत होतो, आलो नाही. इथं साऊंडच्याच दुकानात लागलो आहे, स्पीकर दुरुस्तीला. रॅप बंद आहे. ओळ सुचते, पण तोंडात यायच्या आधी कलम आठवते.

फेब्रुवारीतल्या पत्रात मी जास्त बोललो. तुम्ही उत्तर दिलं नाही. द्या. माय कशी आहे ते लिहा. अल्काताई म्हणते, त्या दिवसापासून मायनं मोठ्या आईच्या तोंडूनसुद्धा तुम्हाला काही विचारलं नाही. हे खरं आहे काय?

तुमचा
रत्नपाल


केशोरी
१४ ऑक्टोबर २०१७

चि. रत्नपाल यास
जयभीम अन् आशीर्वाद.

उशीर झाला. लिहायले बसायचो अन् उठायचो. लिहिण्यासारखं काही नोहोतं.

दारूचं काऊन म्हणलो, ते सांगतो. पोलिसाच्या जुन्या कागदात तेच होतं. मी वेगळं म्हणलो असतो त त्या वकिलानं धागा धरला असता, की कागदात दारू अन् याच्या तोंडी नाही, म्हणजे याले काही मालूम आहे. म्हणून जसं होतं तसंच म्हणून टाकलं. त्याच्यानंतर माह्या तोंडाले चव नाही.

तुझ्या मायचं खरं आहे. ती काही इचारत नोहोती. सकाळी आंगण झाडताना मी दिसलो त पाठ फिरवून झाडायची. सावित्री मधल्यामधे कावून गेली. मले म्हणाली, तुमच्या दोघाईच्या मधे मी पंचवीस-तीस वर्षं डाकिया होती, आता डाकच बंद झाली.

गावाचं काय सांगू? पानठेल्यावर गेलो की पोट्टे म्हणतात, ‘शाहीर, एखादं खोटं होऊन जाऊ द्या.’ चुन्नीलाल आता खाटेवर आहे, उठवत नाही. त्यानं माणूस पाठवून निरोप दिला, ‘सेवकरामले सांगा, मन हलकं झालं.’ रत्नपाल, मी आयुष्यात लय काही आयकून घेतलं, पण हे आयकून मी त्या दिवशी जेवलो नाही. तू सुटला, हे मनाले सांगत राह्यलो. तू सुटला हे खरंच आहे. पुन्हा तोच दिवस आला त मी पुन्हा तेच म्हणन. पण रामलाल मले सपनात येणं बंद झाला.

मंडई जवळ आली. आमच्या गंमत पार्टीचे लोक येऊन गेले. म्हणाले, यंदा दुसरं काही गा, ते गाणं राहू द्या, लोक हसतीन. मीही म्हणलो, राहू द्या.

काल सावित्री बचत गटाच्या मिटिंगले गेली होती. मी ओसरीत ढोलकीले दोर कसत बसलो होतो. तुझी माय आली. वाटलं, सावित्रीले पाहायले आली असन. मी म्हणलो, ती घरी नाही. म्हणजे भिंतीकडं पाहून म्हणलो, आपली रीतच तशी. ती गेली नाही. खाली बसली. पदर पुढं होता, चेहरा दिसत नोहोता. मले काय म्हणून हाक मारावं हेही तिले ठाऊक नोहोतं. कधी मारलीच नाही. मंग म्हणाली, ‘अल्काचे मोठे बाबा, गाऊ नोका. बोलून सांगा.’

लग्न होऊन ती आपल्या घरी आली तेव्हापासून तिचा आवाज मी भिंतीआडूनच आयकला होता. समोरून पह्यल्यांदा आयकला. मी ढोलकीचा दोर सोडला. मंग सांगितलं. मी पाळीवर कुठं होतो. मोरीपाशी कोण कोण होतं, काठी कोणाच्या हातात होती, चुन्नीलाल काय म्हणाला. रामलाल पडला तेव्हा उठायले पाहून राहिला होता, अन् त्याईनं पायानं लोटला. मी बोंबलत धावलो, ते पळाले. मी पाण्यात उतरलो, पण गाळ होता, पोचायले उशीर झाला. सारं सांगितलं. गाण्यात त्याले अर्धी रात लागते, बोलून सांगितलं त लवकर सरलं.

तिनं पुरं आयकलं. मंग म्हणाली, ‘त्याईनं माहं नाव घेतलं होतं काय?’

आता काय सांगू? त्याच ओळीले बाया पदर डोळ्याले लावतात. ती ओळ मी त्याच्यासाठीच घातली होती. हो म्हणलो असतो त तिले बरं वाटलं असतं, अन् मले बोलायले काय लागत होतं? कोर्टात त मी शपथ घेऊन बोललो होतो. पण आता माह्यानं होत नोहोतं. मी म्हणलो, नाही. काही म्हणला नाही. पाण्याचाच आवाज होता.

ती म्हणाली, ‘मले मालूम आहे. त्याईनं मले कधी नावानं हाक मारली नाही. ‘अल्काची माय’ म्हणत, नाही त ‘आयकलं काय’ म्हणत. पह्यल्याच मंडईत मले समजलं, हे एवढं गाण्यातलं आहे. तुमी आता हो म्हणले असते, त मी बाकीचंही खोटं धरलं असतं.’

माह्या हातातली ढोलकी तशीच राहून गेली. मी रडलो, लपवत नाही. ती उठली. मी म्हणलो, आता मंडईत कसा गाऊ? शपथेवर सांगून आलो, ते खोटं आहे म्हणून.

‘कोर्ट येते काय मंडईले?’ ती म्हणाली. ‘गा. अन् माह्या नावाची ओळ काढू नोका. मले ते आयकायले आवडते.’

मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे. दुकानातून सुटी भेटली त ये.

तुझा
सेवकराम